कुसीमाचा गाल

नाही, पण मी म्हणते, पोरीचा एक गाल दुसऱ्याच्या दुप्पट होईपर्यंत घरातल्यांनी नुसतं बघत बसायचं म्हणजे काय? आमची कुसीमा हो, थोरली... खालच्या जबड्याला ही एवढी गाठ, आणि ज्याला दाखवावी तो बोटाने दाबणार, "दुखतं का गं?" ती म्हणणार नाही, की झालं, "दुखत नाही ना? मग कशाला जिवाला घोर!" नवरा तेच, शाळेतल्या बाई तेच, आणि सासूबाई तर मटोकेची हिरवी केळी सोलता सोलता, मानसुद्धा वर न करता, मला आदराच्या नावाने हाक मारत, "अमूती, गालगुंड असेल. दुखत नाही ना?"

अहो, दुखत नाही म्हणूनच तर माझी झोप उडाली होती. शेजारच्या कासांगाकीच्या पोराची गाठ तरी सुरुवातीला कुठे दुखत होती? पाऊस सरायच्या आत त्याला केळीच्या बागेत पुरला.

शेवटी धाकट्याला पाठीवर बांधलं, हिला हाताला धरलं, गाठलं मोठं हॉस्पिटल. डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई खुपसली आणि तुम्हाला सांगते, मी डोळेच मिटले... सुईत आलं पिवळं पाणी. म्हणाल्या, "पाण्याची पिशवी दिसते. तरी तुकडा तपासू." एक्स-रेत पिशवीच्या तळाशी दात आडवा निजलेला. मग मला विचारतात, "तान्हेपणी हिचे खोटे दात उकरले होते का?"

उकरले होते ना... तान्ह्याच्या हिरडीत पांढरं दिसलं की ते खोटे दात, त्यांनीच ताप येतो, उकरून काढायचे, असं आमच्याकडे म्हणतात. ताप आला म्हणून सासूबाईंनीच वैदूकडे नेलं होतं, सायकलच्या स्पोकने हिरड्या उकरवून आणल्या. "त्यातच खऱ्या दाताच्या कोंबाला लागलं असणार," बाई म्हणाल्या.

तुकड्याचा निकाल आला. कॅन्सर नाही निघाला. पाणी वाहून जावं म्हणून पिशवीला खिडकी पाडलीय, रोज मिठाच्या पाण्याची पिचकारी मारून धुवायची, महिनोन्‌महिने, दात वर आला तर आला. हे सगळं सासूबाईंना समजावलं, तर काय म्हणाव्यात? "बघ, मी तेव्हाच म्हणत होते, हिचे दात वाईट. एक राहून गेला."

आणि काल धाकट्याला ताप. मलेरियाचं औषध चालू केलंय, पण सासूबाई त्याच्या तोंडात बोट घालून म्हणतात, "अमूती, पांढरं दिसतंय." तेव्हापासून पोर पाठीवरून उतरवलेलं नाही... शेतात पाठीवर, विहिरीवर पाठीवर, चुलीपुढे पाठीवर. कंबर मोडून आलीय माझी. आणि या घरात एकाने तरी विचारावं ना, दुखतं का म्हणून?