मडक्यातला तिसरा वास

पेंडसे : पुन्हा हुंगा, बुधाबाई. सावकाश. आधी लिंबासारखा, मग किंचित आल्यासारखा, आणि सगळ्यांत शेवटी तो तिसरा. गोड, जड. आला?

बुधी : आला न् गेला बी. मास्तर, सकाळधरनं तुमी ती बाटली माज्या नाकाला लावताव. नाक हाय त्ये, लोहाराचा भाता नाय.

पेंडसे : पण तो तिसराच महत्त्वाचा. ह्या गवताचं तेल मुंबईच्या बाजारात मिळतं. त्यात हा वास नाही. तो फक्त तुमच्या ह्या कर्जतकडच्या कोंडाण्याच्या डोंगरावरच्या गवतात आहे. म्हणजे इथल्या मातीतच काहीतरी आहे.

बुधी : मातीत हाय, ह्ये खरं.

पेंडसे : सोमवारी कॉलेजात सगळ्या प्रोफेसरांसमोर बाटली उघडणार. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगांची भांडी विसळली. आता एक गोष्ट माझ्या नावाची निघाली. आणि ती तुमच्यामुळे, बुधाबाई. ठाकुरवाडीच्या चढावर माझी तेल काढायची काचेची भांडी-नळी फुटली तेव्हा वाटलं होतं, आल्या पावली परत जावं लागणार.

बुधी : गडी मानूस वाटंत बसून रडाया आला व्हता. मग मडकं नको द्यायला? पडूनच तर व्हतं.

पेंडसे : मडकं दिलंत, वेळूची नळी दिलीत, आणि रोज पहाटे मी यायच्या आत मडकं तापवूनसुद्धा ठेवता. मी हात लावतो तर कडकडीत.

बुधी : तेवढाच तुमचा येळ वाचतो.

पेंडसे : किती काळजी करता हो.

बुधी : करावी लागती. आन मला बी बरं पडतं. पयलं धूर दिसला की लोक माना वर करून बघायचं. आता म्हनत्यात, मास्तराचं औशद चाललंय.

पेंडसे : खाली कोण येतंय? डोक्याला सरकारी पटका दिसतो.

बुधी : कुंभिवलीचा गजा. अबकारीचा जमादार, दारू धरनारा. मास्तर, येक ऐका माजं. त्याच्यासंगं बेतानं बोला.

पेंडसे : का बरं? आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे? शिवाय मला खोटं बोलता येत नाही.

बुधी : म्हनूनच म्हनते, बेतानं.

(जमादार धापा टाकत वर येतो आणि लाठी मडक्याच्या बुडाला टेकवून उभा राहतो.)

जमादार : राम राम. काय बुधे, परवा तुज्या पोरीचं, ठमीचं, लगीन म्हनं.

बुधी : व्हय, गजाभाऊ. येनं करा.

जमादार : येनं केलं की ह्ये. ठाकराच्या लग्नात देवाला पयली धार कशाची लागती त्ये मला सांगाया नको. त्याबगार देव लगीन मानत नाय. मग ती धार कुठनं येनार, ह्याचा तपास कराया आलोय. घावलं तर मडकं हितंच फोडीन आन तुला कर्जतला न्हेईन. परवा मांडवात आईच्या जागी कुनाला उभं करायचं त्ये ठरवून ठेव.

पेंडसे : जमादार, गैरसमज होतोय. मी पेंडसे. मुंबईच्या कॉलेजातून आलो. इथे गवताचं तेल काढतोय. औषधी आहे. हे पाहा, हुंगा.

बुधी : मास्तर, त्यांना दम तर घिऊ द्या.

जमादार : बघू. हां. लिंबावानी हाय. आलं बी हाय.

पेंडसे : थांबा, अजून थांबा. शेवटी एक येतो.

जमादार : आला. ह्यो तर मव्हाचा.

पेंडसे : छे हो. मोहाचं फूल मी आत घातलेलं नाही. नुसतं गवत आणि पाणी.

जमादार : सायेब, ह्यो वास मी झोपेत सुदिक वळखीन. मव्हाची, पयल्या धारेची, आन चांगल्या हातची. तुमच्या गवतात ती कुठनं आली?

पेंडसे : तेच तर मी म्हणतो, मातीत काहीतरी... मातीत. बुधाबाई, हे मडकं किती जुनं आहे?

बुधी : सासूच्या वक्ताचं.

पेंडसे : आणि त्यात आधी... नको. सांगू नका.

जमादार : का नको? सांगू द्या की. न्हायतर तुमीच सांगा. तुमी शिकलेलं मानूस, खोटं बोलनार नाय. मडकं कुनाचं?

पेंडसे : बुधाबाईंचं.

जमादार : आन ह्यात निगतं काय?

पेंडसे : गवताचं तेल. ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या आधी काय निघत होतं, ते मी पाहिलं नाही. न पाहिलेलं सांगणं आमच्या शास्त्राला चालत नाही.

जमादार : पन वास तर येतोय ना?

पेंडसे : येतो. आणि तो तुम्ही एका दमात ओळखलात. मी इतके दिवस हुंगतोय, मला नाही जमलं. जमादार, सोमवारी माझ्याबरोबर मुंबईला चला. प्रोफेसरांसमोर उभं राहून एवढंच सांगा, वास मोहाचा, पहिल्या धारेचा, चांगल्या हातचा.

जमादार : मी?

पेंडसे : तुमच्याइतका जाणकार मला कुठे मिळायचा? मंडळी विचारतील, ही पारख कुठे कमावलीत, तेवढं सांगितलंत की झालं.

बुधी : मास्तर, गजाभाऊंचं बडे सायेब बी येतील का वो आयकाया?

पेंडसे : बोलावू की. अबकारीचा माणूस म्हटल्यावर त्यांना बोलावलंच पाहिजे.

बुधी : जावा गजाभाऊ. पयली धार कंची न् दुसरी कंची, ह्ये हुंगून कळतं का चाखून, त्ये बी सांगा.

जमादार : आरं, वास घेतला खरा... पन दोन दिस सर्दी हाय मला. नाकाचा काय भरोसा. लिंबू असंल. लिंबूच हाय.

पेंडसे : नक्की? पुन्हा हुंगून पाहता?

जमादार : नगं. गवतच हाय. ह्ये तेल गुडघ्याला चालतं का? चढानं पार कामातनं गेला.

पेंडसे : चालेल. घेऊन जा बाटली.

बुधी : लग्नाला येनं करा, गजाभाऊ.

जमादार : सर्दी उतरली तर.

पेंडसे : गेले?

बुधी : वळनावर बसलाय, गुडघा चोळत.

पेंडसे : तर तिसरा वास मोहाचा. आणि पहाटे मडकं माझ्यासाठी तापत नव्हतं.

बुधी : नाय.

पेंडसे : तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?

बुधी : पयल्या दिसापासनं. तुमी बाटली नाकाला लावली न् पोरागत हसलाव. म्हनलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिशी तुमी जास्तीच हसलाव. मंग जीभ उचलंना.

पेंडसे : आणि धुराचं? माझ्या नावाखाली तो खपायचा, तेही होतं ना?

बुधी : धुराचं बी व्हतंच की. नाय कशाला म्हनू?

पेंडसे : मला वाईट वाटतंय, बुधाबाई. फार वाईट वाटतंय.

बुधी : मला बी. कुंभाराकडनं कोरं मडकं आनून देते. त्यात घाला गवत.

पेंडसे : त्यात दोनच वास येतील.

बुधी : दोन काय थोडं हायत? कुनाकुनाला येक बी मिळत नाय. सोमवारी काय सांगनार तितं?

पेंडसे : खरं ते. तेल चांगलं आहे, तिसरा वास मडक्याचा होता, चूक माझी झाली.

बुधी : आन कुनी इचारलं, मडकं कुनाचं, मंग? तुमाला तर खोटं बोलाया येत नाय.

पेंडसे : नाहीच येत. म्हणून परवा लग्नाला आलो की मी तुम्हाला मावशी म्हणायला लागणार. सोमवारी सांगेन, माझ्या मावशीचं.