त्या दिवशीं मी ह्यांना ओळख दिली नाहीं

आमचें मूळ इथलेंच, तंजावरचें. वडील ओरत्तनाडूला मास्तर, मीही मास्तरीण झालें, पापनाशमच्या शाळेंत तिसरीचा वर्ग. हे, आमचे घरवाले, पाटबंधारे ऑफिसांत ड्राफ्ट्समन, कालव्यांचे नकाशे काढायचे, रेघ अशी कीं पाहत राहावें. मग ऑफिसांत कॉम्प्युटर येणार, येणार म्हणून सगळे बोलत होते, त्याच सुमारास ह्यांचें अक्षर बारीक होत गेलें, मुंगीएवढें. शर्टाची गुंडी लावायला अर्धा तास. आणि मी काय केलें? ओरडलें. काय सांगूं तुम्हांला, बस चुकते म्हणून रस्त्यांत, चारचौघांत ओरडलें, आळशी म्हटलें.

त्यांत सुधाला, आमच्या मुलीला, पाहायला कुंभकोणची मंडळी यायची होती. मी ह्यांना म्हटलें, तुम्ही मागच्या खोलींतच बसा, मी सांगतें गांवाला गेलेत म्हणून. मंडळी आली. सगळे कॉफी पीत होते, आणि हे नवी वेष्टी नेसून दारांत येऊन उभे. उंबऱ्याशीं पाय अडकला, पुढें नाहीं, मागें नाहीं, हात थरथरतोय. मुलाच्या आईनें विचारलें, हे कोण? आणि मी, अय्यो, ह्याच तोंडानें म्हटलें, लांबचे नातेवाईक, बरें नसतें, आमच्याकडे असतात. ह्यांनीं ऐकलें. सुधानें हातांतला कप खालीं ठेवला, जाऊन ह्यांचा हात धरला, म्हणाली, हे माझे अप्पा.

ती बाई उठली. मला वाटलें, चालली. तिनें नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, ह्यांच्या पायापुढें आडवा टाकला, म्हणाली, हा ओलांडून या, ओलांडायला कांहीं दिसलें कीं पाय सुटतो, माझ्या वडिलांचेंही असेंच होतें. आणि हे ओलांडून आले हो.

डॉक्टरचें नांवही तिनेंच दिलें. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन. मेंदूंत चल म्हणणाऱ्या पेशी असतात तशा थांब म्हणणाऱ्याही असतात, आंतला एक रस आटला कीं थांब म्हणणाऱ्यांचाच जोर होतो, माणूस उठूं पाहतो, त्या उठूं देत नाहींत. आळस नव्हे, अम्मा. मला मान वर करवेना.

सुधाचें लग्न त्याच घरीं झालें, सुखांत आहे. ह्यांनीं त्या दिवसाचें नांव एकदांही काढलें नाहीं. काढलें असतें तर बरें होतें. आतां गोळ्या आहेत, हळूहळू चालतात. कोणी आलें कीं मी आधीं ह्यांना पुढें बसवतें, सांगतें, हे माझे यजमान. कोणी न विचारतां सांगतें. पेपरवाल्याला सांगितलें, पोस्टमनला सांगितलें. हे म्हणतात, पुरे ग मुक्ता, कळलें सगळ्यांना.