पूजेतला पाना

हॅलो?… हॅलो! जिंतूर पोस्ट का?… मी परभणीहून, बसप्पा मिस्त्री… हो हो, रामराम मास्तर, पर आधी ऐका!

तुमच्या दारावरून जीप गेली का? मिलिट्रीची, जुनी… न्हाई अजून? मग रस्त्यात माणूस उभा करा! माझी लेक हाय तिच्यात, उमा. तान्हं लेकरू घेऊन येलदरीला चाललीय, नवऱ्याकडं…

कशापाई? अहो, पुढच्या डाव्या चाकाचे नट ढिले हायत!… कुणी म्हणजे? मीच! पंक्चर काढलं, चाक बसवलं… अन् आज खंडेनवमी. बायकोनं हत्यारं पूजेला मांडलेली. पूजेतला पाना उचलावा कसा? नुसत्या पकडीनं आवळले… लय मोठा मिस्त्री मी!

आली? थांबवा!… थांबली? लेकरू बरं हाय ना?… चाक बघा. पाचातले तीनच नट?… अरे देवा!

तुमच्या तिथल्या भुजंग मिस्त्रीला बोलवा, पाना घेऊन… त्याचाबी पूजेत? मग उचल म्हणावं!… न्हाई म्हणतोय?… जीपचा ड्रायव्हरबी हात लावंना?… उमेला द्या फोन.

उमे? अगं ऐक ना, रडू नको. तो पाना तूच उचल… बाईमाणसानं कसा? मी सांगायलोय ना! देवीला भ्यालो मी अन् पोटच्या लेकीला मरायला धाडलं. जा, मी फोन धरतो…

हॅलो? एक्स्चेंजवाल्या बाई, लाईन तोडू नका! अजून तीन मिनिटं द्या…

हां, बोल उमे… तू हात लावताच भुजंगानं हिसकून घेतला? तोच आवळायलाय?… भला माणूस! पर त्याला वरडून सांग, ह्या जुन्या जीपचे डावीकडचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या उलटं फिरव म्हणावं! मागच्या डाव्या चाकाचा एक नट काढून पुढं लाव. एक आवळला की समोरचा. चाक भुईला टेकल्यावर शेवटचा जोर. अन् पान्यावर उभा राहू नको म्हणावं, आटे जातील…

बसले? तू सोता हलवून बघ… कट्ट झालं? हां… हां.

आता सावकाश जा. दोन कोसावर उतरून पुन्हा आवळून घ्या… कशानं म्हणजे? भुजंगाचा पाना संगं न्या. उद्या मी सोता येऊन त्याचा त्याला परत देतो. पान्याचं शिलंगण एक दिस आधीच झालं म्हणावं… हॅलो? उमे?…