बाळूनं चोखलेलं खापर

वालूरचे दिवस आठवले की मला सासूबाईच आठवतात. निजामाचं राज्य होतं. घराच्या माळवदावर, मातीच्या सपाट छपरावर टाकायला जुन्या पांढरीतून, म्हणजे उजाड झालेल्या जुन्या गावाच्या टेकाडातून माती आणलेली. त्यातलं निळं, चकचकीत खापर आमच्या दहा महिन्यांच्या बाळूनं तोंडात घातलं. काढून बघते तर कोपरा गायब! गिळला की काय? शाळेत शिकलेलं सगळं विसरून मी भोकाड पसरलं, बाळू हसतोय.

ओसरीवर जुन्या वस्तू शोधत फिरणारे हैदराबादचे पाहुणे होते. खापर हातात घेऊन म्हणाले, "बाई, घाबरू नका. कोपरा आधीच तुटलेला होता, तुटलेली कड मातीनं मळलीय. आज तुटली असती तर स्वच्छ दिसली असती. ही झिलई इराणकडची. हजार वर्षांपूर्वी जहाजानं, मग बैलांवरून इथं आलेलं भांडं."

सासूबाई म्हणाल्या, "इतक्या लांबून धड आलं आन् पांढरीतल्या कुणाच्या घरात येऊन फुटलं? म्हंजी त्या घरात बी असलंच कारटं असंल!"