ट्रेलरची लिंबू-मिरची

आमच्याकडे बिटकॉइननं ट्रेलर अडवलाय, ऐका. न्हावा शेवा बंदरात कंटेनर वाहायला नवा ट्रेलर घेतला. धाकट्या भावानं लगेच त्याचा फोटो थेट बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जगजाहीर वहीत, कोरला आणि विकायला ठेवला.

आमच्या आप्पांनी तो मोबाइलवर पाहिला. "लिंबू-मिरची कुठं हाय?"

"फोटो लिंबू-मिरची बांधायच्या आधीचा आहे," भाऊ म्हणाला.

"मग आता टाक."

"एकदा कोरलं की बदलत नाही, आप्पा. पुसताही येत नाही."

"म्हंजे जगाची नजर कायमची!"

आप्पा ट्रेलर हलू देईनात. शेवटी भावानं नुसत्या लिंबू-मिरचीचा फोटो वेगळा कोरला, त्याच्या डिजिटल वॉलेटमध्ये ट्रेलरच्या फोटोशेजारी ठेवला. तेव्हा कुठं गाडी निघाली.

परवा भाऊ नाचतच आला. "आप्पा, दोन्ही फोटो विकायला होते ना, त्यातला एक विकला गेला!"

"कुठला?"

"लिंबू-मिरचीचा."

आप्पांनी खुंटीवरची ट्रेलरची चावी काढून खिशात घातली.