हॉटेलातला पालक

वारंगा फाट्यावर नांदेडच्या बसची वाट पाहत बसलेल्या जनकाबाईच्या कानावर शेजारच्या नवरा-बायकोचं भांडण पडलं.

“पालक निवडला, पांढरा सॉस केला, वर चीज किसून ओव्हनमध्ये भाजला. पाव्हण्यांनी बोटं चाटली, अन् तुमी म्हणलात, हॉटेलातून आणलाय?”

“मायला वाटलं असतं, पोरगं बायकोचं कौतुक करून राहिलं.”

“मग आत्ता सांगा मायला. लावा फोन, स्पीकरवर.”

“साक्षी, लोकं ऐकून राहिलेत.”

“ऐकू द्या!”

त्यानं फोन लावला.

“माय, तो पालक साक्षीनं केला होता.”

“ठाऊक हाय मला. तिच्या हातावरचा चटका दिसला की.”

साक्षीनं फोन हिसकावला.

“मग चार माणसांत काहून बोलल्या न्हाईत, आत्याबाई?”

तिनं फोन नवऱ्याच्या हातात कोंबला. बस आली. जनकाबाईच्या मागोमाग साक्षी एकटीच चढली, नवरा खालीच राहिला. जनकाबाईनं तिला खिडकीजवळची जागा दिली.