खाली वळलेली नजर

(बस आगारातली तपासणीची खोली. पडद्यावर चालकाच्या केबिनचं थांबवलेलं चित्र.)

मामा : यंत्राला पाप-पुण्य कळत नाही, बाळा. जे सत्य म्हणून दाखवावं, तेच ते सत्य मानतं. म्हणून कालच्या मृत्यूचा पहिला जाब शिकवणाऱ्याला, म्हणजे मला, द्यावा लागेल.

भाचा : मामा, प्रवचन नंतर. अकराला चौकशीवाले येतायत. चालकानं फोन पाहिला की कॅमेरा वाजतो. काल वाजला नाही. मी वेगाचा काटा बघत होतो, विषय संपला.

मामा : काट्याकडे पाहून हसत होतास? हनुवटीवर फोनचा उजेड पडला आहे.

भाचा : ...ग्रुपवर मांजराचा व्हिडिओ आला होता. पंख्याला घाबरणारं मांजर.

मामा : आणि त्या बाई झेब्रा पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होत्या.

भाचा : दोन्ही हातांत पिशव्या होत्या त्यांच्या. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, मामा! पण तो मेला कॅमेरा का नाही वाजला? आधी तर ऊठसूट बोंबलायचा.

मामा : त्याला शिकवण्यासाठीची चित्रं माझ्याकडे येत. प्रत्येकाखाली मी लिहायचं, फोन की काटा. तुझ्या दोन ताकिदी झाल्या होत्या. तिसरीला तुझ्या हातून गाडी गेली असती. ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तुझ्या एकशे चौदा चित्रांखाली मी 'काटा' लिहिलं.

भाचा : मग आजही तेच म्हणा की! तुम्ही घरचे की आगाराचे?

मामा : यंत्र ते केवळ तुझ्यापुरतं शिकलेलं नाही. आता मांडीवरच्या फोनकडे कुणीही पाहिलं, तरी ते मौन राखतं. सकाळपासून बेचाळीस गाड्या रस्त्यावर आहेत.

भाचा : ...बेचाळीस?

मामा : सगळ्या भरलेल्या.

भाचा : खरं सांगितलं तर मी आत जाईन.

मामा : होय. माझीही नोकरी जाईल. ती जायलाच हवी.

भाचा : आईला कोण सांगणार?

मामा : मी. तिच्या दारात उभा राहून.

भाचा : ...अकरापर्यंत थांबू नका. आत्ताच कळवा. पण चालकांना फोन करू नका, मामा.

मामा : नाही. थांब्यांवरच्या नियंत्रकांना कळवतो. गाडी उभी राहिली की तेच चालकाला सांगतील, कॅमेऱ्यावर विसंबू नकोस. तू ये माझ्याबरोबर.

भाचा : येतो, मामा.

मामा : माझा हात धर. त्या माउलीच्या आत्म्याला शांती लाभो. आणि आज घराबाहेर पडलेला प्रत्येक जण सुखरूप घरी पोहोचो.